एक प्रयत्न, असफल

"किती वेळा?"

"एकदा, सर."

मुजावर सरांनी केसपेपरावरून मान वर केली नाही. त्यांचं बोट एका ओळीवर होतं, ते तिथंच राहिलं.

"एकदाच?"

"हो, सर. नळी पुढे सरकली नाही, म्हणून मी थांबलो. तसं लिहिलंय."

"लिहिलंयस ते दिसतंय मला..."

सरांनी पान उलटलं. पुढे काहीच विचारलं नाही. डॉक्टर कुलथ्याला वाटलं, सुटलो. पण खोलीबाहेर आल्यावर त्याच्या लक्षात आलं, की आपण काडेपेटी खिशातल्या खिशात चिरडून टाकली आहे.

ती काडेपेटी त्याच्या खिशात कायम असे. तिच्या आतल्या इवल्याशा जागेत, डाव्या हाताच्या दोन बोटांनी, न बघता तो दोऱ्याची गाठ मारू शकत असे. परीक्षेत सुवर्णपदक मिळवून आलेला हा मुलगा नदीकाठच्या या जुन्या ट्रस्टच्या दवाखान्यात आठ महिन्यांपूर्वी आला होता, तो एकच विद्या शिकायला. अपघातात कमरेचं हाड मोडतं, तेव्हा कधीकधी त्याखालची लघवीची वाट आतल्या आत तुटते. ती पुन्हा जोडायची. हे काम करणारे हात थोडे, आणि त्यातले सगळ्यात जुने हात मुजावर सरांचे. तीन जिल्ह्यांतून लोक त्यांच्याकडे येत.

सर फार बोलत नसत. शस्त्रक्रियेच्या दिवशी खोलीबाहेरच्या नळापाशी उभे राहून ते एकाकडे बघत आणि म्हणत, "हात धू." ज्याला ते म्हणाले, त्यानं त्या दिवशी सुरी धरायची. बाकीच्यांनी मदत करायची.

आठ महिन्यांत कुलथ्याला ते दोन शब्द ऐकायला मिळाले नव्हते.

आणि त्या शुक्रवारी यल्लप्पा धोत्रे आला.

सत्तावीस वर्षांचा, विहिरी खोदणारा माणूस. विहिरीतून दगडमाती वर ओढणारी यारी कलली होती आणि दगडांनी भरलेली तिची बादली त्याच्या कमरेवर आदळली होती. ओटीपोट टरारून फुगलेलं. लघवी होत नव्हती. तो दात आवळून नुसता हुंकारत होता.

सर जुम्म्याच्या नमाजाला गेले होते. अर्ध्या तासात येणार होते.

अर्धा तास... कुलथ्यानं मनात म्हटलं, सर येईपर्यंत मी मोकळं करून ठेवतो.

"डॉक्टर, टोकाला रक्त दिसतंय," देवकुळे सिस्टर म्हणाल्या. त्या या वॉर्डात बावीस वर्षं होत्या. भिंतीवर सरांच्या अक्षरातला कागद होता, तो त्यांनी नुसता बोटानं दाखवला. *रक्त दिसलं तर नळी घालायची नाही. आधी फोटो.*

"मला माहीत आहे, सिस्टर. हलक्या हातानं बघतो फक्त."

पहिल्यांदा नळी अडली.

"तुम्ही एक्स-रेवाल्यांना बोलावून आणा," तो म्हणाला. सिस्टर गेल्या. पडदा ओढलेला होता. यल्लप्पाला दुखणं कमी व्हायचं इंजेक्शन दिलेलं, डोळे मिटलेले.

दुसऱ्यांदा त्यानं बारीक नळी घेतली. तीही अडली.

तिसऱ्यांदा त्यानं ढकललं. स्वतःलाच एक शिवी हासडून ढकललं. आणि बोटांना कळलं, आत काहीतरी मऊसं सुटलं. नळीतून लघवी आलीच नाही. ताजं लाल रक्त आलं.

मग तो थांबला.

सर आले. त्यांनी औषध घालून फोटो काढवला. औषध वाटेनं वर चढत गेलं आणि मध्येच धुरासारखं पसरलं. दोन टोकं एकमेकांपासून दूर गेली होती. सरांनी पोटातून थेट मूत्राशयात एक नळी सोडली. दहा मिनिटांत पिशवी भरली आणि यल्लप्पा त्या दुपारी पहिल्यांदा सुस्कारा टाकून म्हणाला, "आई गं."

कुलथ्यानं केसपेपर लिहिला. इंग्रजीत, सुरेख अक्षरात. नळी घालण्याचा एक प्रयत्न, असफल.

लिहिताना पेन जराही अडखळलं नव्हतं. हेच त्याला पुढे छळत राहिलं.

---

"सर, आजच जोडू या ना. ताजी जखम आहे."

"आत रक्त साकळलंय. सूज आहे. टाका कशात घालणार?"

"मग कधी?"

"तीन महिन्यांनी."

"तीन महिने आपण काय करायचं?"

"काही नाही."

कुलथ्याला हे 'काही नाही' सोसेना. पुस्तकात त्यानंही तेच वाचलं होतं. सूज उतरू द्यायची, आतला व्रण स्थिर होऊ द्यायचा, मग एकदाच आणि नीट जोडायचं. कारण पहिल्या खेपेला जे साधतं, ते दुसऱ्या खेपेला तितकंसं साधत नाही. हे सगळं त्याला पाठ होतं. पण त्याच्या बोटांना थांबता येत नव्हतं.

"सर... ही केस मी करू?"

सरांनी चष्मा काढला.

"हात दाखव."

कुलथ्यानं दोन्ही हात पुढे धरले. बोटं सरळ, ताठ. त्यांवर पाण्याची वाटी ठेवली असती तर थेंब सांडला नसता. तो मनातून खूश झाला.

सर बराच वेळ त्या हातांकडे बघत राहिले.

"अजून नाही."

---

मोडलेल्या हाडासाठी यल्लप्पाला सहा आठवडे खाटेवर निजून राहायचं होतं. त्याची खाट खिडकीपाशी. पोटातल्या नळीची पिशवी खाटेच्या दांडीला लटकलेली. त्याची बायको रेणुका तिच्यावर टॉवेल झाकून ठेवायची आणि कुणी आलं की आणखी एक पदर ओढायची.

"झाकतीस कशाला?" यल्लप्पा म्हणायचा. "दारू न्हाई त्यात."

सबंध वॉर्ड हसायचा.

दर मंगळवारी सर फेरीला येत. मागे कुलथे, त्याच्या मागे सिस्टर.

"काय यल्लप्पा, बरं आहे?"

"बरं हाय की, साहेब. सतरा हिरी खोदल्या म्या. सतराच्या सतरांना पानी लागलं. आन् माजंच पानी अडलं बगा."

"निघेल."

"कवा?"

"सूज उतरू दे."

"उतरू दे की. मी कुठं चाललोय पळून?"

आणि हे बोलून झालं की यल्लप्पा हळूच कुलथ्याकडे बघायचा. नुसतं बघायचा. त्या बघण्यात राग नव्हता. दारात आलेला माणूस आत येतोय की नाही, हे बघावं तसं काहीतरी होतं. कुलथे घाईघाईनं पिशवीवरचे आकडे वाचायला लागायचा.

फेरी संपली की सर जिन्यात थांबत.

"किती वेळा?"

"एकदा, सर."

पुढच्या मंगळवारी तेच. त्याच्या पुढच्या मंगळवारी तेच. सरांचा आवाज कधी चढला नाही. दुधाला उकळी आली का, असं विचारावं तसे ते विचारत.

चौथ्या आठवड्यात कुलथ्याचा संयम सुटला.

"सर, तुम्हाला शंका असेल तर सरळ देवकुळे सिस्टरांना विचारा. त्या तिथंच होत्या."

सिस्टर मागून औषधांचा ट्रे घेऊन येत होत्या. त्या थांबल्या.

"मला कशाला विचारताय? मला तर तुम्ही एक्स-रेला पिटाळलं होतं."

आणि ट्रे घेऊन त्या निघून गेल्या.

सर जिना उतरून गेले.

त्या दिवसापासून कुलथ्याला बसवेना. जेवताना तो पाय हलवत राही. शर्टाची गुंडी काजातून सरकली की दचके. लोणच्याच्या बरणीचं झाकण हिसक्यासरशी उघडलं आणि त्यानं ती बरणी तशीच खाली ठेवली. ते आतलं मऊसं सुटणं सगळ्या वस्तूंत जाऊन बसलं होतं. नवी काडेपेटी घेतली. गाठी मारल्या. शंभर मारल्या, सगळ्या बरोबर आल्या, आणि त्याचा त्याला काडीचा उपयोग वाटला नाही.

त्याला एकच प्रश्न कुरतडत होता. ती वाट बादलीनं आधीच पुरती तुटली होती? की अर्धी शिल्लक होती आणि ती आपण तोडली? फोटो तिसऱ्या ढकलण्यानंतरचा होता. फोटोला आधीचं काहीच माहीत नव्हतं.

एकदा दुपारी वॉर्डात कुणी नसताना त्यानं यल्लप्पाचा केसपेपर उघडला. पेनचं टोपण काढलं. आपलंच सुरेख अक्षर. बघत राहिला. टोपण लावलं.

"काय लिवताय, डाक्टर?" खाटेवरून आवाज आला.

"काही नाही. तारीख बघत होतो."

"लिवायचं असलं तर लिवा की. मी झोपलोय."

---

सातव्या आठवड्यात सरांनी एका गुरुजींची शस्त्रक्रिया केली. दोन वर्षांपूर्वी मोटारसायकलवरून पडलेले, दुसरीकडे कुठंतरी वाट जोडून घेतलेले, आणि आता पुन्हा थेंब थेंब लघवी होणारे. कुलथे मदतीला होता.

सरांनी वाट उघडली. जुनी शिवण दिसली.

"बघ, किती सुंदर टाके घातलेत."

खरोखर सुंदर होते. सारख्या अंतरावर, सारख्या मापाचे. कुलथ्याला वाटलं, मीही असेच घातले असते.

"मग बिघडलं कशानं, सर?"

सरांनी टोकाशी सुरी लावली. पांढरा, निबर, चामड्यासारखा पापुद्रा सुटून आला. त्याला रक्त नव्हतं. आणखी एक काप. पांढराच.

"पुरे का, सर? अंतर वाढत चाललंय."

"अजून."

आणखी काप.  दोन टोकांमध्ये आता अंगठा मावला असता. इतकी दूर गेलेली टोकं जुळणार कशी?

"सर, फार होतंय..."

"अजून."

मग एका कापाला लाल ठिपका उमटला. बारीकसा, मग टपोरा. त्याखाली मांस गुलाबी, लुसलुशीत. सरांनी सुरी ठेवली. वरची बाजू भोवतालून मोकळी केली, सैल केली, आणि ती टोकं कुणी न ओढता एकमेकांपाशी येऊन टेकली. पहिल्या टाक्याला दोरा ताणलाच गेला नाही.

नळापाशी हातमोजे काढताना कुलथ्यानं पुन्हा विचारलं.

"त्यांचं कशानं बिघडलं होतं, सर?"

"आत थोडं राहिलं होतं."

"का राहिलं असेल?"

"अंतर वाढायची भीती वाटली असेल जोडणाऱ्याला."

सर हात पुसत होते. एकेक बोट, सावकाश.

"कुलथे..."

"सर?"

"किती वेळा?"

नळ चालू होता. कुलथ्यानं तो बंद केला. पुन्हा चालू केला.

"एकदा," तो म्हणाला. या वेळी आवाज इतका हलका आला की पाण्यात बुडून गेला.

सरांनी हात पुसायचा टॉवेल खुंटीला लावला.

"हात दाखव."

हात तसेच होते. दगडासारखे स्थिर. आज त्याला त्यांचा राग आला.

"अजून नाही," सर म्हणाले.

---

यल्लप्पा काठीच्या आधारानं चालायला लागला, घरी गेला, दर मंगळवारी येऊ लागला. पिशवी आता मांडीला बांधलेली असे. वरून लेंगा. एसटीत उभं राहिलं की ती भरते आणि जड होते, असं तो सांगायचा.

"लोक इचारत्यात, लंगडतोस का रं? मी म्हनतो, खिशात लई माल हाय."

रेणुका हसायची नाही. एकदा तिनं कुलथ्याला व्हरांड्यात गाठलं.

"डाक्टरसाहेब, पुन्ना पयल्यासारकं हुईल न्हवं? खरं सांगा. घरात हसतूय, पर रातभर कूस बदलतूय त्यो."

कुलथ्याला तिला काहीतरी धीराचं सांगायचं होतं. 

"सरांच्या हाताला यश आहे," तो म्हणाला.

"आन् तुमच्या?"

तिनं भोळेपणानंच विचारलं होतं. तो वळला आणि चालू लागला.

तीन महिने पुरे झाले. नवा फोटो निघाला. दोन टोकांमधलं अंतर नखाएवढं. सर म्हणाले, "होईल." शस्त्रक्रियेचा दिवस ठरला. सुरी कोण धरणार, हे मात्र ते बोलले नाहीत.

---

त्या दवाखान्यात एक रिवाज होता. कुलथ्याला तो पहिल्या दिवसापासून वेळखाऊ वाटत आलेला.

शस्त्रक्रियेच्या दिवशी सकाळी केसपेपर लिहिणाऱ्या डॉक्टरनं रुग्णाच्या खाटेशेजारी स्टुलावर बसायचं. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत सगळा केसपेपर त्याला त्याच्या भाषेत वाचून दाखवायचा. प्रत्येक ओळीनंतर विचारायचं, "बरोबर?" तो "बरोबर" म्हणाला, की पुढची ओळ. तो "नाही" म्हणाला, तर तिथंच दुरुस्ती करायची आणि सही करायची. एकदा एका म्हातारबांनी आपलं गाव चुकीचं लिहिलंय म्हणून अर्धा तास घालवला होता, आणि सर शांतपणे उभे होते.

आजही सर खिडकीपाशी उभे होते. पाठमोरे. रेणुका पायथ्याशी. सिस्टर दाराशी.

कुलथे स्टुलावर बसला.

"नाव, यल्लप्पा तिम्माप्पा धोत्रे. वय सत्तावीस. बरोबर?"

यल्लप्पानं विचार केला. "आई म्हनती अठ्ठावीस. पर लिवा सत्तावीस. ल्हान दिसू दे."

"काम, विहीर खोदणे. बरोबर?"

"हिरीचं काम. बांधनं बी येतंय मला. निस्तं खोदत न्हाई."

कुलथ्यानं 'आणि बांधणे' असं लिहिलं, सही केली.

"दगडाची बादली कमरेवर पडली. दुपारी साडेबारा. बरोबर?"

"साडेबाराला भाकरी सोडली व्हती. मंग बराबर."

"दवाखान्यात आणलं तेव्हा पोट फुगलेलं, लघवी बंद, टोकाला रक्त. बरोबर?"

"व्हय."

पुढची ओळ. कुलथ्याला ती बघायची गरज नव्हती. इंग्रजीत होती. समोरचा माणूस इंग्रजी वाचू शकत नव्हता. त्या दुपारी त्याचे डोळे मिटलेले होते.

"नळी घालण्याचा... प्रयत्न. एक. असफल."

त्याला 'बरोबर?' विचारायचंच राहिलं.

"व्हय, व्हय," यल्लप्पा चटकन म्हणाला. "बराबर हाय. फुडं वाचा, डाक्टर."

बाकी प्रत्येक ओळीला त्यानं वेळ घेतला होता. वय, काम, भाकरी. याच ओळीला घेतला नव्हता. आणि हे म्हणताना त्यानं खिडकीकडे, सरांच्या पाठीकडे एक नजर टाकली होती.

कुलथ्यानं पुढची ओळ वाचली. "पोटातून... पोटातून नळी..."

थांबला.

पंखा फिरत होता. केसपेपराचं पान फडफडत होतं. त्यानं ते दाबून धरलं.

"यल्लप्पा..."

"जी."

"त्या दिवशी तुम्ही जागे होता?"

"एवडं दुखत असल्यावर मानूस झोपतंय व्हय?"

"मग आता एक कसं म्हणालात?"

"तुमी तसं वाचलं."

"पण..."

"मोटं डाक्टर उबं हायती," यल्लप्पा खालच्या आवाजात म्हणाला. "त्यांच्याम्होरं तुमचा पानउतारा कशाला? फुडं वाचा."

सर वळले नाहीत.

कुलथ्यानं केसपेपर मांडीवर ठेवला.

"तीन वेळा," तो म्हणाला. "रक्त दिसत होतं. सिस्टरांनी सांगितलंही होतं. तरी मी तीन वेळा नळी घातली. तिसऱ्यांदा जोर लावला. आत काहीतरी सुटलं, ते मला कळलं. तुमची वाट त्या बादलीनं तुटली, की थोडी तरी शाबूत होती आणि मी तोडली... मला माहीत नाही. आता कुणालाच कळणार नाही. आणि मी एक लिहिलं."

रेणुकाच्या हातातला टॉवेल खाली पडला. तिनं तो उचलला नाही.

यल्लप्पाचा चेहरा हळूहळू लाल झाला.  

"मोजलं व्हतं म्या," तो म्हणाला. "पयलं, दुसरं, तिसरं. तिसऱ्याला तुमी शिवी दिली. मला वाटलं, मलाच दिली."

"नाही हो. स्वतःला दिली होती."

"ते मला कसं कळावं?" आता आवाज चढला. "बारा मंगळवार! बारा मंगळवार मी तुमच्या तोंडाकडं बगत आलो. आज सांगतील, उद्या सांगतील. एसटीत उबं ऱ्हाऊन, ही पिशवी बांदून. पिशवीचं आकडं वाचायला येळ व्हता तुमाला. माज्याकडं बगायला नव्हता?"

 कुलथे मान खाली घालून बसला. डोळ्यांतून पाणी आलं, ते त्यानं पुसलं नाही.

"लिवा," यल्लप्पा म्हणाला.

"हो."

"म्होरं बगून लिवा."

कुलथ्यानं 'एक'वर आडवी रेघ मारली. अक्षर नीट राहू दिलं, खाडाखोड झाकली नाही. वर तीन लिहिलं. जोर लावला, रक्त दिसत असताना, असं लिहिलं. सही केली. तारीख घातली. सही वेडीवाकडी आली.

"वाचा."

त्यानं वाचलं. "...बरोबर?"

"बराबर."

उरलेल्या ओळी त्यानं वाचल्या. प्रत्येकीला यल्लप्पा "बराबर" म्हणाला. शेवटची ओळ झाली.

"आज ऑपरेशन सर करतील," कुलथे उठत म्हणाला. "तुम्ही काळजी करू नका. मी आत येणारसुद्धा नाही."

तेव्हा खिडकीपाशी उभे असलेले सर पहिल्यांदा वळले.

"यल्लप्पा, अंग तुमचं आहे. कुणी हात लावायचा, कुणी नाही, ते तुम्ही सांगायचं."

यल्लप्पानं सरांकडे बघितलं. मग रेणुकाकडे. तिनं खाली पडलेला टॉवेल उचलून घडी घातली. मग त्यानं कुलथ्याकडे बघितलं. नखशिखान्त बघितलं, नव्या विहिरीची जागा बघावी तसं.

"साहेब, तुमी तितंच असनार न्हवं? समोर?"

"समोरच असेन."

"मंग..." यल्लप्पानं उशीवर डोकं टेकलं आणि छताकडे बघत म्हणाला, "चौथ्यांदा तरी नीट घाला म्हनावं."

सिस्टरांनी तोंडावर हात धरला. हसू होतं की काय, ते कळलं नाही.

---

शस्त्रक्रियेच्या खोलीबाहेर लांबट पत्र्याचं बेसिन होतं. त्यावर तीन नळ. सर मधल्या नळापाशी उभे होते. कुलथे दोन पावलं मागे.

"सर, तुम्हाला कधीपासून माहीत होतं?"

सर बाह्या दुमडत राहिले.

"पहिल्या दिवसापासून? मग तुम्ही मला सरळ का नाही विचारलंत? का नाही रागावलात?"

"विचारत तर होतो..."

कुलथ्यानं ओठ चावला. आत यल्लप्पाला टेबलावर घेतल्याचा आवाज आला. चाकांची खडखड, मग सिस्टरांचा आवाज, मग यल्लप्पाचा. तो कुणाला तरी विहिरीचं काहीतरी सांगत होता.

"सर, त्यांनी म्हटलं ते त्यांचं मोठेपण. पण आज मी नको. खरंच नको. मी बाजूला उभा राहून बघतो."

"हात दाखव."

"सर..."

"दाखव."

कुलथ्यानं हात पुढे केले. बोटं थरथरत होती. त्यानं ती आवळली, पुन्हा उघडली. थरथर थांबेना. काडेपेटीत गाठ मारणारी ती दोन बोटं तर वाऱ्यावरच्या पानासारखी हलत होती. अकरा महिन्यांत असं कधी झालं नव्हतं. त्यानं लाजून हात मागे घ्यायला सुरुवात केली.

सरांनी ते धरले. आपल्या म्हाताऱ्या, कोरड्या तळव्यांवर घेतले आणि बघत राहिले. इतका वेळ त्यांनी ते हात कधीच बघितले नव्हते.

मग त्यांनी कोपरानं शेजारचा नळ उघडला.

"चल," ते म्हणाले. "हात धू."